उकंडरावाच्या वंशावळीतल्या तीन रिकाम्या जागा

आमच्या गावात नवा माणूस आला की कुत्री भुंकायच्या आधी त्याला उकंडराव गाठतो. राम राम घालतो, खांद्यावर हात ठेवतो आणि विचारतो, "वरचा कोण?"

नव्या माणसाला काही कळत नाही. मागं एक नवीन ग्रामसेवक आला होता. पोरगं चांगलं होतं, इस्त्रीचं होतं. त्याला वाटलं, वरचा म्हणजे साहेब. त्यानं तालुक्याच्या साहेबाचं नाव सांगितलं. उकंडराव म्हणाला, "त्ये ठीक. त्याच्या वरचा?" पोरानं जिल्ह्याच्या साहेबाचं नाव सांगितलं. "त्याच्या वरचा?" आता पोरगं घाबरलं. आपली कुठं तक्रार गेली की काय, असं त्याचं तोंड झालं. शेवटी मीच मधी पडलो. म्हणालो, "साहेब, तो तुमच्या आज्याचं नाव विचारून राहिला." आज्याचं नाव पोराला आलं. पणज्याचं आलं नाही. उकंडराव माझ्याकडं वळला आणि पोराला ऐकू जाईल असं म्हणाला, "घ्या. दोन पायऱ्यात जिना संपला. आन् ह्ये गावाचा इकास करणार."

त्या दिवसापासून तो ग्रामसेवक गावात मागच्या रस्त्यानं येतो.

आमचं गाव साखऱ्याच्या अंगाला. कोरडवाहू. वरून पडेल तेवढं सोयाबीन आणि उरेल तेवढी तूर. उकंडरावाचं घर माझ्या घराला लागून, मधी एक भिंत. त्याची बायको सहा वर्षाखाली गेली. पोरगं पुण्याला कंपनीत आहे. फोन करतं, पैसे पाठवतो म्हणतं, हा नको म्हणतो. स्वतः भाकरी थापतो. भाकरी गोल होत नाही, पण म्हणतो, "पोटात गेल्यावर कोण बघायलंय."

मी चौथीपर्यंत शिकलो. उकंडराव सातवीपर्यंत. या तीन यत्तांचा त्याला फार गर्व. पण मी जे पाहिलं ते लिहायला चौथी पुरते, म्हणून लिहून राहिलो. कुणाला आवडो न आवडो.

त्याच्या पुढच्या खोलीत बसायला जागा नाही. सगळीकडं कागद. परभणी जिल्ह्याची जुनी टेलिफोनची डिरेक्टरी आहे, हिंगोली जिल्हा वेगळा व्हायच्या आधीची. तिच्यात आमच्या गावचा एकही फोन नाही. तरी त्यानं ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. वधू-वर परिचय मेळाव्याची पुस्तकं आहेत. त्यातल्या 'गोरी, गृहकृत्यदक्ष' मुली आता गुडघे धरून बसत असतील. शाळांच्या स्मरणिका, सोसायट्यांचे अहवाल, जुन्या मतदार याद्या, कुठल्या तरी कॉलेजाचे वार्षिक अंक. त्या अंकातल्या कविता तो वाचत नाही. शेवटी विद्यार्थ्यांची नावं असतात तेवढी वाचतो. "कविता काय, कोणी बी करतंय. नाव मातर ज्याचं त्याचं."

आणि लग्नपत्रिका. आमच्याकडची पत्रिका तुम्ही पाहिली असेल. नवरानवरीचं नाव शोधावं लागतं, बाकी सगळा गाव आत असतो. आपले नम्र, आमचे आग्रहाचे, कै. अमुक यांचे नातू, चि. तमुक यांचे मावसभाऊ. उकंडरावाला पत्रिका म्हणजे पंचपक्वान्न. चश्मा लावून, बोट ठेवून वाचतो आणि चुका काढतो. एकदा जवळच्याच गावच्या लग्नात पंगत बसली असताना हा उभा राहिला आणि नवरदेवाच्या बापाला म्हणाला, "तुमच्या पत्रिकेत सोपानराव कैलासवासी छापलेत."

"मग?"

"मग त्ये तिसऱ्या पंगतीत बसून बुंदी खाऊन राहिलेत."

सगळी पंगत वळून बघायला लागली. सोपानराव म्हातारे, कानानं बहिरे. आपल्याकडं सगळे बघताहेत म्हणून त्यांनी हात जोडून सगळ्यांना नमस्कार केला. नवरदेवाचा बाप नंतर मला म्हणाला, "ह्या माणसाला पत्रिका देऊ नका हो कोणी." पण न देऊन चालत नाही. न दिली तर तो विचारायला येतो.

जवळा बाजारचा किस्सा तर मी डोळ्यानं पाहिला. बाजाराला गेलो होतो. एका गाड्यावर भजे घेतले. भजेवाल्यानं जुन्या कागदात बांधून दिले. उकंडरावानं भजे माझ्या हातात ओतले आणि कागद वाचायला लागला. मतदार यादी होती, आमच्याच भागातली, जुनी. पान मधीच तुटलेलं. त्यानं भजेवाल्याला विचारलं, "पुढचं पान?"

"कोन्तं पान, काका?"

"ह्याच्या पुढचं. सत्त्याऐंशी नंबरपासून."

"काका, मी भजे इकतो."

"मंग भजे दे. पर त्या पानात दे."

भजेवाला तसा इरसाल. म्हणाला, पानं गड्डीत जशी येतील तशी. मग काय, उकंडराव भजे घेत गेला, पानं येत गेली, मी खात गेलो. कांद्याचे संपले, मिरचीचे झाले, मिरचीचे संपले, मग बटाट्याचे. सगळी पानं त्याला मिळाली. पुढचे दोन दिवस मी जेवलो नाही, आणि तो म्हणतो, "तुला एक काम सांगितलं खायाचं, त्ये बी धड झालं न्हाई."

असा माणूस. गाव त्याला हसायचं. पण मागच्या दोन-तीन वर्षात हवा बदलली. ज्याला त्याला जातीच्या दाखल्यासाठी जुनी नोंद पाहिजे. पणज्याचं नाव काय, त्याच्या बापाचं काय, शाळेत कोण होता, सातबाऱ्यात कोण होता. जी पोरं उकंडरावाला पाहून मोटरसायकल जोरात काढायची, ती आता त्याच्या ओट्यावर चपला काढून बसायला लागली. "आबा, आमचं वरचं सांगा ना."

उकंडराव सांगतो. कुणाकडून काही घेत नाही, पण झाडल्याशिवाय सोडत बी नाही. "मोबाईलमधी समदं जग हाय म्हणता ना? मंग त्यात तुपला पणजा न्हाई का?" संत नामदेवांची नर्सी जवळ असल्यामुळं आमच्याकडं नामदेव फार. बापाचं नाव नामदेव, आज्याचं ज्ञानोबा, पणज्याचं परत नामदेव, त्याच्यावर परत ज्ञानोबा. पोरं गोंधळतात. उकंडराव गोंधळत नाही. "त्यो नामदेव येगळा. त्यो लंगडा व्हता. तुपला नामदेव भांडखोर." त्यात शाळेतल्या मास्तरांनी सगळ्या गावाची जन्मतारीख एक जून लावून ठेवलेली. कोण थोरला, कोण धाकला, कागदावरून कळत नाही. एका घरात बाप आणि चुलता एकाच दिवशी जन्मलेले निघाले. पोरगं म्हणालं, "जुळे आसतील." उकंडराव म्हणाला, "दोघात अकरा साल हायेत. तुपल्या आजीला एवढी तकलीफ देऊ नको."

लोकांना वाटतं, या माणसाला खानदानाचा नाद आहे. आपण कुठल्या तरी सरदाराच्या वंशातले निघावं म्हणून हा कागद उकरतो. मला बी कोणी कोणी विचारलं. मी सांगत नसतो. पण आता सांगतो, कारण त्याच्याशिवाय हे ठाऊक असलेला मीच राहिलो.

त्याच्या मधल्या खोलीत भिंतीला एक मोठा पुठ्ठा टांगलेला आहे. त्यावर त्याची वंशावळ. वर सात पिढ्या. चौकटी आखलेल्या, पट्टीनं. सगळ्यात खाली उकंडरावाची चौकट. आणि तिच्या डाव्या अंगाला, त्याच ओळीत, तीन चौकटी रिकाम्या. पेन्सिलीनं आखलेल्या. त्या तिघांची नावं त्याला पाहिजेत. बाकीच्या सात पिढ्या शोधता शोधता सापडल्या, जसं शेळी हुडकायला गेलं की सरपण सापडतं.

ते तिघं म्हणजे त्याच्या आधी झालेली त्याच्या आईची लेकरं. तिन्ही लहानपणीच गेली. मग हा झाला. आमच्याकडं लेकरं जगत नसली की पुढच्याला जन्मल्या जन्मल्या उकिरड्यावर टाकतात. म्हणजे मरणाला वाटावं, हे तर टाकून दिलेलं आहे, याला न्यायचं काहून? मग दुसरीच बाई येते, लेकराला सुपात उचलते, पसाभर ज्वारी देऊन विकत घेते आणि मग परत त्याच्या आईला सांभाळायला देते. नाव बी तसंच ठेवायचं, की ऐकून कुणी वळून बघू नये. उकिरड्याला आमच्याकडं उकंडा म्हणतात, म्हणून हा उकंड. याला सुपात उचलणारी बाई म्हणजे माझी आई. मी तेव्हा दोन-अडीच वर्षाचा. मला काही आठवत नाही. पण आई मरेपर्यंत चिडवायची, "गणपत मला फुकट मिळाला, उकंड मी ज्वारी देऊन घेतला. म्हून त्यो महाग."

आणि याच्यात आणखी एक कायदा असतो. वाचलेल्या लेकरासमोर गेलेल्यांची नावं काढायची नाहीत. कधीच नाही. त्याच्या आईनं काढली नाहीत, बापानं नाहीत, माझ्या आईनं नाहीत. आळीतल्या सगळ्या बायांनी तोंडाला कुलूप घातलं. त्यांनी मायेनंच केलं. पण एकेक करून त्या सगळ्या गेल्या आणि आपल्या कुलपाची किल्ली बी घेऊन गेल्या. उकंडरावाला जेव्हा विचारावं वाटलं, म्हणजे त्याची स्वतःची बायको गेली आणि घरात बोलायला कोणी राहिलं नाही तेव्हा, गावात सांगणारं कोणीच नव्हतं.

मला एकदा म्हणाला, "गणप्या, मी गेलो म्हंजे ह्ये तिघं झालेच न्हाईत असं व्हईल. आता निदान मला ठावं हाय की तिघं व्हते. दर पितरात समद्याला घास देतो मी. सात पिढ्या. ज्याला कधी पाह्यलं न्हाई त्या लंगड्या चुलतपणज्याला बी देतो. आन् मपल्याच मायच्या लेकराला न्हाई. काहून? तर नाव ठावं न्हाई."

मी म्हणालो, "लहान लेकराला पितराचा घास नसतोच. दात यायच्या आत गेलं की पुरतेत आन् इसरतेत. रीत हाय."

"रीत कोणी काढली?"

"मला काय ठावं."

"बघ. रीत काढणाऱ्याचं नाव ठावं न्हाई, ती चालती."

मी उठून घरी आलो.

मग या नोंदींच्या गडबडीत तालुक्याला मोगलाईतली, निजामाच्या वेळची जुनी बुकं बाहेर निघाली. कधी न सुटलेले गठ्ठे सुटले. त्यात जन्म-मृत्यूची बुकं आहेत असं याला कळलं. मला घेऊन गेला. आधी हिंगोलीतून खान मास्तरांना घेतलं, कारण ती बुकं उर्दूत. मास्तर उर्दू शाळेतून रिटायर झालेले, नाजूक माणूस, दोन चश्मे एकावर एक लावतात. या दिवसात त्यांना फार मागणी. पण उकंडरावाचं काम म्हटल्यावर सकाळीच तयार होऊन बसले होते.

आमच्या गावचं बुक निघालं. कागद पापडासारखा. मास्तर फुंकर सुद्धा घालत नव्हते. पान उलटत गेले, आणि एका जागी थांबले.

"किसन वल्द नामदेव. यही हैं ना तुम्हारे वालिद?"

"व्हय व्हय. वरचा नामदेव, बराबर." उकंडराव उभा राहिला. "वाचा."

"लडकी. बुखार."

"नाव वाचा मास्तर."

"नाम का खाना, मतलब कॉलम, नहीं है."

"आसंल. नीट बगा. दुसरा चश्मा काढा."

मास्तरांनी खरंच एक चश्मा काढला, पुसला, परत लावला. मग हळू म्हणाले, "उकंडराव, उन लोगोंने नाम पूछा ही नहीं. बच्चा किसका, क्या हुआ, बस. सबका ऐसाच है. ये देखो, पूरा पन्ना."

उकंडरावानं बघितलं. त्याला उर्दूचं एक अक्षर येत नाही. तरी सगळं पान वरून खाली बघितलं.

"किती वर्साची?"

"दो साल लिखा है."

"म्हंजे चालत आसंल."

"चलती होगी."

"बोलत बी आसंल." थोडं थांबून म्हणाला, "म्हंजे तिला तिचं नाव ठावं आसंल, मास्तर."

मास्तरांनी पान उलटलं. पुढं दोन पोरांच्या नोंदी निघाल्या. त्या दोघांना वर्ष बी पुरं झालेलं नव्हतं. मास्तरांनी त्या इतक्या हळू वाचल्या की मला शेजारी बसून ऐकू आल्या नाहीत.

परत येताना जीपमध्ये उकंडराव एकदाच बोलला. "तीन बुखार. एवढं लिव्हायला सवड व्हती त्येला."

आता राहिली एकटी आत्या. नर्सीला दिलेली, त्याच्या बापाची धाकटी बहीण. नव्वदीच्या पुढं गेलेली. डोळ्यानं दिसत नाही, पण कान असे की दाराबाहेर चप्पल काढली तर पाय कोणता ते सांगते. तिला विचारायचं उकंडराव इतके दिवस टाळत होता. म्हातारीला आता शेवटी रडवायचं काहून, म्हणायचा. आता दुसरा रस्ता राहिला नाही.

आम्ही गेलो. म्हातारी बाजेवर बसली होती. याला जवळ घेतलं, तोंडावरून हात फिरवला.

"वाळलास रे. बायकू जेवू घालत न्हाई का?"

"आत्या, कारभारीण गेली ना मपली."

"व्हय, इसरले. ह्यो कोण सोबत?"

"गणपत."

"ज्वारीवालीचा?" म्हणाली आणि हसली. इतक्या वर्षानं माझी आई त्या घरात अजून ज्वारीवालीच होती. मला बरं वाटलं.

चहा झाला. मग उकंडरावानं विचारलं. आडून आडून नाही, एकदम. "आत्या, मपल्या वरच्या तिघांची नावं सांग."

म्हातारीचं हसणं गेलं. "कोणते तिघं?"

"येड पांघरू नको आत्या. तू तवा घरात व्हतीस. लग्न झालं नव्हतं तुपलं. पाळण्याची दोरी तू वढली आसंल."

"मला न्हाई आठवत."

"तुला मपल्या आज्याच्या बैलाची नावं आठवतेत."

"बैलाची घेतलेली चालतेत," म्हातारी म्हणाली. पदर बोटाला गुंडाळत राहिली. "तुपल्या मायला सबुद देल्ता म्या."

"माय जाऊन तीस सालं झाले."

"माणूस जातं. सबुद जातो का?"

"आत्या, मी शहात्तर वर्साचा म्हातारा हाय."

"आसशील."

"आता काय व्हणार हाय मला?"

म्हातारीनं त्याचा हात घट्ट धरला. आवाज एकदम खाली आणला, जसं कोणी भिंतीपलीकडं ऐकत असावं. "नाव घेतलं की त्ये वळून बगतेत बाबा. आन् त्येंनी वळून बगितलं की त्येंला तू दिसतोस. आमी एक वाचवलं रे कसंबसं. मला म्हातारपणी पाप नको लावू."

"दिसलो तर दिसलो..."

"गप!" आणि तिनं त्याच्या तोंडावर हात मारला, लेकराला मारावा तसा. मग सुनेला हाक मारली, मीठ-मोहऱ्या मागवल्या आणि त्या शहात्तर वर्षाच्या टकल्याला पुढ्यात बसवून त्याची दृष्ट काढली. आल्या-गेल्याची, पाप्या-चांडाळाची, घरच्याची, दारच्याची. हा मान खाली घालून बसला होता. मोहऱ्या चुलीत तडतडल्या तशी म्हातारी म्हणाली, "बग केवढी लागली व्हती." आणि तिच्या जिवाला शांत वाटलं. मला हसू यायला पाहिजे होतं. आलं नाही.

श्रावणात आत्या गेली. उकंडराव मातीला गेला, खांदा दिला, सगळं केलं. तिथं नात्यातली पोरं वंशावळीसाठी त्याला विचारायला लागली, आत्याच्या सासरचं वरचं कोण म्हणून. पहिल्यांदा मी त्याला म्हणताना ऐकलं, "मला न्हाई ठावं." गावात परत आला आणि ओट्यावर बसणं बंद केलं. कागद दाराआड लावून ठेवले. नवीन तलाठी आला, चार दिवस गावात हिंडला, उकंडरावानं त्याला काही विचारलं नाही. तलाठ्यानंच मला विचारलं, "ते वरचा कोण विचारणारे बाबा हेच का? बरं नाही का त्यांना?"

सर्वपित्रीला त्यानं मला जेवायला बोलावलं. दरवर्षी बोलावतो. खीर, कढी, वडे सगळं एकट्यानं केलं होतं. खीर खाली लागली होती, वास भिंतीपलीकडं माझ्या घरात आला होता. मी गेलो तर हा चुलीपुढं बसलेला. विस्तव बाहेर ओढलेला. त्याच्यावर एकेक घास टाकायचा आणि एकेक नाव घ्यायचं. त्यानं सुरू केलं. बाप, आजा, पणजा, त्याच्या वर, त्याच्या वर. तोंडपाठ. चुलते, चुलतचुलते, लंगडा. बायको. शेवटी आत्या. विस्तवावर तूप चर्र चर्र वाजत होतं, घर धुरानं भरलं.

मग तो थांबला. ताटात तीन घास राहिले होते. बाजूला, वेगळे केलेले. लहान लहान. सुपारीएवढे.

"गणपत," तो म्हणाला. गणप्या म्हणाला नाही. "आता काय म्हणू?"

मी काय सांगणार. मी आपला पाटावर बसलेलो, भूक लागलेली, डोळ्यात धूर.

"लेकरू म्हणू का नुस्तं? लडकी म्हणू? त्या बुकात हाय तसं?" त्यानं एक घास उचलला आणि परत ठेवला. "कोण्या तोंडानं टाकू? त्येंला कसं कळंल की त्येंलाच हाय म्हून?" त्याच्याकडं मला बघवेना, म्हणून मी चिडलो. मी असाच आहे, बघवलं नाही की चिडतो.

"तू सातवी शिकला म्हंतोस आन् येवढं कळंना का तुला?" मी म्हणालो. "नावाचं काय लावलंस सकाळधरनं? त्ये तिघं तुझ्याहून मोठे हायेत का बारके?"

तो माझ्याकडं बघत राहिला.

"मोठे," म्हणाला.

"मंग? आपल्यात मोठ्याला नावानं हाक कोण मारतंय? माय आसती आन् तू बहिणीचं नाव घेतलं आसतंस तर थोबाडात देली आसती. काय म्हणायचं आसतंय मोठ्या बहिणीला?"

विस्तवावर राख धरायला लागली होती. बाहेर ज्याच्या त्याच्या पत्र्यावर लोक कावळ्याला हाका मारत होते. मग त्यानं पहिला घास उचलला, दोन्ही हातांनी, आणि त्याच्या तोंडातून शब्द निघेना. या माणसानं जन्मात तो शब्द कुणाला म्हटलेला नव्हता. म्हणायला कुणी नव्हतंच. जीभ कुठं लावायची ते सुद्धा त्याला ठाऊक नसल्यासारखं झालं.

"आक्का," तो म्हणाला.

घास पडला. तूप वाजलं.

"दादा."

दुसरा.

"आण्णा."

तिसरा.

घास संपले. ताट रिकामं झालं. आता पाणी फिरवायचं आणि उठायचं, एवढंच राहिलं होतं. मी लोटा पुढं सरकवला. त्यानं लोट्याला हात लावला नाही. विस्तवाकडं बी बघत नव्हता, दाराकडं बघत होता. आणि आणखी एकदा म्हणाला, मोठ्यानं, लेकरू अंगणातून मोठ्या बहिणीला बोलावतं तसं, "आक्का."